तालुक्याच्या गावातलं फुलांचं दुकान मंदीत कसं टिकवायचं? महिन्याचा हिशेब दिलाय, सल्ला हवा

परडी

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मावशीचं फुलांचं दुकान आहे. मारुतीच्या देवळाच्या वाटेवर दहा बाय बाराचा गाळा. वही मी बघतो, म्हणून प्रश्न मी टाकतोय.

सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं, त्यावर सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीचा तडाखा. गावात पैसाच फिरत नाहीये. हार-गजरे घेणारे अजून येतात, पण पन्नासचा हार घेणारा आता वीसचा मागतो. बुके निम्म्यावर आलेत. लग्नाच्या सजावटीत लोक प्लास्टिकची फुलं लावून मोकळे होतात.

गेल्या महिन्याचे आकडे असे. विक्री ७५,००० (मागच्या वर्षी याच महिन्यात १,२०,००० होती). फुलांची खरेदी ४१,०००. गाळाभाडं ६,५००. हार करणाऱ्या काकूंचा पगार १०,०००. वीज २,४००. दोरा, पिशव्या, रिबन, हिरवा स्पंज मिळून ३,५००. पार्सलचं भाडं ४,२००. काचेच्या फ्रिजचा हप्ता ४,१००. सगळं जाऊन हातात ३,३०० राहिले. आणलेल्या फुलांतला अंदाजे चौथा हिस्सा कचऱ्यात जातो. बाहेर उधारी ६३,००० आहे, त्यातले २८,००० एकट्या मंगल कार्यालयाकडे.

सुटी फुलं लातूरहून आणि जवळच्या दोन गावांतून येतात. गुलाब, जरबेरा, कार्नेशन, ऑर्किड हैदराबादच्या गुडीमल्कापूर बाजारातून किंवा पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून.

तीन प्रश्न आहेत. भाव कमी केले तर गिऱ्हाईक वाढेल का? काकूंना अर्ध्या दिवसावर आणावं का? (मावशी याला अजिबात तयार नाही.) आणि फ्रिज विकून टाकावा का?

हिशेबवही

आकडे मांडून विचारलंत, त्यामुळे नेमकं बोलता येतं.

भाव पाडू नका. तुमच्या शंभर रुपयांच्या विक्रीत सुमारे ५५ रुपयांची फुलं जातात, ४५ उरतात आणि त्यात बाकी सगळं भागतं. भाव दहा टक्क्यांनी उतरवलात तर त्याच मालाचे नव्वद येतील आणि ४५ चे ३५ होतील. पूर्वीइतकेच पैसे उरायला जवळजवळ २८ टक्के माल जास्त खपला पाहिजे. ज्या गावात लोकांनी फुलं घेणंच आवरतं घेतलंय तिथे दहा टक्के सवलतीवर एवढा खप वाढत नाही. वीसचा हार मागणाऱ्याला वीसचा हार द्या, पण तो वीसच्या हिशेबाने बांधलेला असावा. पन्नासचा हार वीसला देऊ नका.

खरी गळती कचऱ्याच्या टोपलीत आहे. ४१,००० चा चौथा हिस्सा म्हणजे १०,२५० ची फुलं फेकली. खपली ती ३०,७५० ची. नासाडी दहा टक्क्यांवर आली तर हीच विक्री ३४,२०० च्या खरेदीत होते. महिन्याला ६,८०० वाचतात, म्हणजे आत्ता हातात उरतात त्याच्या दुप्पट. त्यासाठी एकही नवं गिऱ्हाईक लागत नाही.

'अंदाजे चौथा हिस्सा' यावर थांबू नका, फुलागणिक मोजा. वहीत रोज एक पान, पाच रकाने: फूल, आणलं, विकलं, फेकलं, आणि कितीला संपलं. शेवटचा रकाना लोक ठेवत नाहीत, पण तो लागतोच. पांढरी शेवंती सकाळी नऊलाच संपत असेल तर ती कमी येतेय, आणि ते पैसे दुसऱ्या कुठल्यातरी फुलात अडकलेत. पानाच्या डोक्यावर तारखेबरोबर वार आणि तिथी लिहा. फुलांचा खप तिथीवर चालतो. संकष्टी, एकादशी, पौर्णिमा, अमावास्या, प्रदोष. 'गेल्या १२ तारखेला किती खपलं' हे बघून १२ तारखेची खरेदी केली की हमखास चुकते. गेल्या संकष्टीला किती खपलं ते बघायचं. पूर्ण एक महिना लिहिलं की प्रत्येक तिथी एकदा तरी सापडते.

बुक्याच्या फुलांचं गणित वेगळं मांडा. समजा जरबेऱ्याची दहाची गड्डी भाड्यासकट ६० ला पडली. काडी सहाची वाटते. तीन काड्या माना टाकून गेल्या तर उरलेल्या सातांवर ६० चा बोजा, म्हणजे काडी साडेआठच्या वर गेली. बुके सहाच्या हिशेबाने लावला असेल तर प्रत्येक काडीमागे अडीच रुपये खिशातून जातायत. हेच गणित ऑर्किड आणि कार्नेशनचं केलंत तर माझ्या मते ती दोन्ही फुलं रोजच्या मालातून निघतील. ती फक्त आगाऊ पैसे घेऊन मागवा, काचेत शोभेला ठेवू नका. बुके दोनच ठेवा: सहा गुलाबांचा आणि जरबेरा-निशिगंधाचा. हिरवाईला अरेकाची पानं, कामिनी, मोरपंखी गावातच मिळतात. त्यासाठी पुण्याच्या पार्सलात जागा अडवू नका.

पार्सलला डब्यामागे भाडं असेल तर अर्धा डबा रोज मागवण्यापेक्षा भरलेला डबा आठवड्यातून दोनदा मागवा. मंगळवारी रात्री निघालेला माल गुरुवारच्या आदल्या दिवशी हातात येतो, शुक्रवारी निघालेला शनिवार-रविवारच्या कार्यक्रमांना. शेजारच्या तालुक्यातला फुलवाला त्याच गाडीवर माल उतरवत असेल तर एकत्र डबा मागवायला बोलून बघा. तो तुमच्या गावात विकायला येणार नाहीये.

फ्रिजबद्दल घाई नको. फ्रिज विकला म्हणून हप्ता थांबत नाही. जुन्या फ्रिजचे येणारे पैसे बाकी कर्जापेक्षा कमी असतील तर फ्रिजही गेला आणि हप्ताही राहिला. आधी वीज धरून त्याचा महिन्याचा खर्च काढा आणि वहीवरून बघा की तो तेवढ्या किमतीची फुलं वाचवतो का.

गारवा

हिशेबवहींनी नासाडी कुठे बघायची ते सांगितलं. ती का होते ते मी लिहितो, कारण प्रत्येक फुलाचं दुखणं निराळं आहे. सगळ्यांवर सारखंच पाणी मारणं ही छोट्या दुकानातली सगळ्यात महागडी सवय आहे.

झेंडू आणि शेवंतीवर पाणी मारू नका. झेंडूच्या पाकळ्यांच्या बुडात पाणी राहिलं की दुसऱ्या दिवशी देठाजवळ काळं पडतं, कुजका वास येतो आणि ते एक फूल अख्खा हार घालवतं. बाजारात भिजलेल्या मालाला भाव कमी असतो तो याचसाठी. स्वस्तात दिसला तरी त्याच दिवशी खपणार नसेल तर घेऊ नका. पोतं दुकानात आलं की ताबडतोब मोकळं करा. सुटी फुलं दाबून भरली की आतून तापतात. पोत्याच्या मधोमध हात घालून बघा, वरच्या थरापेक्षा स्पष्ट गरम लागतं. ताडपत्री नको, सुती चादर किंवा गोणपाट अंथरा, त्यावर चार बोटांपेक्षा जाड थर नको आणि वर पंखा मंद चालू. पावसाळ्यात दोन तास असं वाळवून मगच टोपलीत.

गुलाबाची मान मोडते ती पाणी वर चढत नाही म्हणून. वाटेत देठ कोरडा पडतो, कापलेल्या तोंडाशी हवा शिरते आणि पुढे जंतूंनी नळ्या बुजतात. गड्डी आली की बांधलेला कागद तसाच ठेवा, बुडाचा दोन-तीन सेंटिमीटर भाग तिरका कापा, शक्यतो पाण्याखाली धरून. कात्री नको, धारदार चाकू घ्या. कात्रीने देठ चेपतो. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढा. मग दोन तास तरी खोल पाण्यात, सावलीत. त्यानंतर फ्रिज. पाणी न पिता थेट फ्रिजमध्ये गेलेला गुलाब बाहेर काढल्यावर उमलत नाही, तसाच मिटून वाळतो.

जरबेरा उलटा. त्याचा देठ लवदार आणि मऊ असतो, खोल पाण्यात सडतो. बादलीत फक्त चार-पाच बोटं पाणी ठेवा. बुडाचा तांबूस कठीण भाग कापलाच पाहिजे, त्यातून पाणी नीट चढत नाही. काड्या जाळीतून लोंबत्या ठेवल्या तर सरळ राहतात. बादलीच्या कडेवर रेलल्या की वाकतात. आणि जंतूंना सगळ्यात नाजूक हेच फूल आहे. बादली रोज ब्लीचिंगच्या पाण्याने घासा. नुसतं विसळलेली बादली हाताला बुळबुळीत लागते, तो बुळबुळीत थर म्हणजेच जंतू.

गुलाबासाठी पाणी दुकानातच होतं: एक लिटर पाणी, एक मोठा चमचा साखर, दोन छोटे चमचे लिंबाचा रस, एक छोटा चमचा घरगुती ब्लीच. साखर फुलाचं खाणं, लिंबाने पाणी आंबट होऊन चढायला सोपं जातं आणि ब्लीच जंतू मारतं. ब्लीच टाळून नुसती साखर घातलीत तर जंतूंचीच सोय होते. हे पाणी एक दिवसाआड बदला. जरबेऱ्याला साखर नको, ब्लीचचे थोडे थेंब पुरे.

मोगऱ्याच्या कळ्या सकाळी लवकर घ्या, पिळलेल्या ओल्या मलमलीत सैल बांधून थंड ठेवा. गजरा दुपारनंतर ओवा. फ्रिजमध्ये आदल्या दिवशीचे गजरे ठेवून विकू नका. बाहेर आले की तासाभरात तांबूस पडतात आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

आता फ्रिज. काचेचा फ्रिज थंडपेयांसाठी केलेला असतो, त्यातला पंखा हवा कोरडी करतो. तळाच्या कप्प्यात पसरट ताटात पाणी ठेवा, फुलं पंख्याच्या झोतापासून दूर ठेवा आणि गड्डीवरचा कागद काढू नका. गुलाबाला २ ते ४ अंश चालतं. ऑर्किड आणि अँथुरियम त्यात ठेवलंत तर काळं पडतं, त्यांना १२-१३ अंशांच्या खाली सोसत नाही. तुमचं ऑर्किड याच कारणाने जात असण्याची दाट शक्यता आहे. प्रसादाची केळी, सफरचंदं त्या फ्रिजमध्ये ठेवत असाल तर आजपासून बंद करा. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने कार्नेशन मिटतं, निशिगंधाच्या कळ्या गळतात. देवळाजवळच्या दुकानात हे फार होतं, कारण नारळ-केळी त्याच फळीवर असतात.

मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्याला आणखी एक स्वस्त उपाय आहे: भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला विजेशिवाय चालणारा शीतकक्ष. विटांच्या थरावर १६५ बाय ११५ सेंटिमीटरची दुहेरी भिंत, उंची साडेसदुसष्ट सेंटिमीटर, दोन भिंतींमधली फट साडेसात सेंटिमीटर. फटीत नदीची वाळू भरायची आणि सकाळ-संध्याकाळ ती भिजवायची. वर बांबूच्या चौकटीवर वाळक्या गवताचं झाकण, त्यावर सावली. उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १०-१५ अंशांनी खाली राहतं आणि ओलावा ९० टक्क्यांच्या आसपास. गाळ्यामागे जागा असेल तर फेब्रुवारी ते जून सुटी फुलं त्यात टोपलीत ठेवा. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा त्याचा काही उपयोग नाही.

सुईदोरा

काकूंना कमी करू नका, मावशींचं बरोबर आहे. सुटा झेंडू हातगाडीवरही मिळतो आणि तिथे भावात तुम्ही हरणार. ओवलेल्या फुलाला जी किंमत येते ती काकूंच्या बोटांची आहे. १०,००० पगार, २६ दिवस, आठ तास धरले तर तास ४८ रुपयांचा होतो. साधा हार बारा मिनिटांत होत असेल तर त्यात मजुरी साडेनऊ रुपये. ती हाराच्या किमतीत धरलेली आहे का ते बघा. बहुतेक दुकानांत फुलं आणि दोरा धरतात, हात धरत नाहीत.

वीसच्या हारासाठी गुलाब काढून टाका आणि झेंडूची फुलं सलग ओवण्याऐवजी मध्ये कडुलिंबाची किंवा आंब्याची पानं दुमडून घाला. लांबी तीच राहते, फुलं तिसऱ्या हिश्शाने कमी लागतात, हार भरलेला दिसतो आणि ओवायला वेळ कमी जातो. मोठ्या गोंडा झेंडूची किलोला साधारण शंभर-सव्वाशे फुलं बसतात. तुमच्या मालाची एकदा स्वतः मोजा आणि तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा. हाराची किंमत त्यावरूनच निघते.

काकूंचा दुपारचा रिकामा वेळ आहे तो रतीबाला लावा. दुधाचा असतो तसाच फुलपुडीचा. मंदीत माणूस बुके सोडतो, देवपूजेची फुलं सहसा सोडत नाही.

महिन्याचे ३०० रुपये, रोज एक पुडी, दारावरच्या पिशवीत सातच्या आत. पुडीत चाळीस ग्रॅम सुटी फुलं आणि एक गावठी गुलाब, शिवाय वाराप्रमाणे: सोमवारी बेल, मंगळवारी दुर्वा आणि जास्वंदाची कळी, गुरुवारी पिवळी शेवंती जास्त, शनिवारी मागेल त्याला रुईच्या पानांची माळ. जास्वंद उमललेलं देऊ नका. संध्याकाळी टपोरी कळी खुडली की सकाळी देवापुढे उमलते. पुडी पळसाच्या किंवा केळीच्या पानात बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत फुलांना घाम सुटतो.

गणित असं. फुलं साडेचार रुपये, पान-दोरा पंचवीस पैसे, पोचवण्याचे सव्वा रुपया. सहा गेले, चार राहिले. सत्तर घरं झाली तर महिन्याला ८,४००. पोचवायला नवा पोरगा ठेवू नका. पेपर टाकणारा त्याच गल्ल्यांतून त्याच वेळी जातो, त्याला पुडीमागे ठरवून द्या. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे उद्या किती लागणार ते आज माहीत असतं. सत्तर पुड्यांना २ किलो ८०० ग्रॅम सुटी फुलं, सत्तर गुलाब. एवढीच आणायची. नासाडी जवळजवळ शून्य.

चार ठिकाणी रतीब बिघडतो. पैसे महिन्याच्या शेवटी घेतले की थकतात, म्हणून एक ते पाच तारखेत आगाऊ घ्या. सुतक, सोयर, गावाला जाणं यासाठी नियम आधीच सांगा: आदल्या संध्याकाळी सहापर्यंत कळवलं तर तेवढे दिवस पुढच्या महिन्यात वाढवून मिळतील, पैसे परत नाहीत. सुतकाच्या घरी चुकून पुडी टांगली गेली तर लोकांना लागतं, त्यामुळे बंद घरांची यादी पेपरवाल्याच्या हातात रोज नवी हवी. कालची उरलेली फुलं पुडीत घालू नका, पहिल्यांदा घातली की त्याच दिवशी कळतं. आणि सुरुवात एकाच गल्लीत पंधरा-वीस घरांनी करा. सत्तर घरं गावभर विखुरली तर पेपरवाला सव्वा रुपयात येणार नाही.

बाजारपेठेतल्या दुकानांतल्या फोटोंचे हार, रिक्षांचे हार, बँकेतला गुरुवारचा हार हेही याच पद्धतीने बांधून घ्या.

परडी

फार उपयोगी पडतंय. काल गोणपाटावर झेंडू पसरला. पोत्यात हात घालून बघितला, खरंच मधला भाग कोमट होता. केळी फ्रिजमधून काढली.

दोन गोष्टी राहिल्या: लग्नाची उधारी आणि प्लास्टिकच्या फुलांची स्पर्धा. आणि दसऱ्याला काय करावं? गेल्या वर्षी दुपारी दोननंतर झेंडूचा भाव कोसळला आणि पोती पडून राहिली.

मांडव

उधारीचं आधी. ६३,००० म्हणजे तुमची दीड महिन्याची फुलखरेदी. मंगल कार्यालयाला एकदम मागू नका, वार ठरवून दर सोमवारी ठरावीक रक्कम मागा. नव्या प्रत्येक तारखेला आधीच्या बाकीतले निदान निम्मे जमा झाल्याशिवाय माल उतरवू नका. हे तोंडावर बोलायला जड जातं, म्हणून कागदावर लिहून द्या.

नव्या कामाला तीन टप्पे ठेवा: तारीख धरताना पन्नास टक्के, फुलं मागवण्याच्या आदल्या दिवशी चाळीस, मांडव उभा राहिल्यावर दहा. दुसरा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. तुमचा पैसा बाजारात जायच्या आधी त्यांचा पैसा तुमच्या हातात आला पाहिजे. कार्य आटोपल्यावर सजावटवाल्याचे पैसे यादीत शेवटी असतात.

दरपत्रकात 'स्टेज फुलांची सजावट' असं मोघम लिहू नका. कुठलं फूल, किती किलो, किती गड्ड्या, आणि त्या दिवशी भाव चढला तर त्याऐवजी काय (निशिगंधाऐवजी पांढरी शेवंती, डच गुलाबाऐवजी जरबेरा) हे लिहून सही घ्या. लग्नतिथीला निशिगंध कसा उसळतो ते तुम्हाला ठाऊक आहे. ताज्या फुलांवर जीएसटी नाही, पण सजावट सेवेत मोडते. कामं वाढली तर हिशेबनीसाला विचारून बिलात दोन्ही वेगळं दाखवा.

प्लास्टिकशी किमतीत भांडू नका. मागचा मोठा पडदा, कमानी हे काम त्यांच्याकडे गेलंय. जिथे हात लागतो, नाक जातं आणि फोटो जवळून निघतो तिथली फुलं तुमची: वरमाला, मुंडावळ्या, गजरे, वेण्या, अक्षतांचं ताट, प्रवेशाची रांगोळी, गाडीचा हार. हे सगळं मिळून 'कार्याचा संच' म्हणून एकाच किमतीत द्या. मांडववाला प्लास्टिक लावणारा असला तरी तो तुमचा शत्रू नाही, त्याच्यामार्फतच हा संच विका. स्वतः प्लास्टिकची फुलं भाड्याने देण्याचा धंदा मात्र आत्ता सुरू करू नका. त्यात भांडवल अडकतं, धूळ धुवायला माणूस लागतो आणि दर हंगामाला रंग जुना होतो.

यंदा १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ आहे. लग्नं जवळपास थांबतील. हाती येणारा एप्रिल-मेचा पैसा या महिन्यासाठी बाजूला ठेवा आणि बुक्याची गड्डी तेव्हा मागवूच नका. मात्र अधिक महिन्यात पूजा वाढतात आणि तेहेतीसच्या संख्येला मान असतो. तेहेतीस फुलांची पुडी, तेहेतीस तुळशीपानांची जुडी, जावयाच्या वाणासाठी छोटा हार अशी मांडणी करा.

आणि मंदीत न घटणारी एक गरज आहे, जिची जाहिरात करायची नसते. अंत्यविधीची फुलं. दुकानात दोन-तीन किलो झेंडू आणि थोडा निशिगंध रात्रीचाही असावा, फोन रात्री उचलला जावा, हार घरी पोचवावा, भाव कायम एकच. त्या घडीला घासाघीस करायची वेळ कोणावरही येऊ नये. पैसे नंतर आले तरी चालतील, ही एकच उधारी ठेवावी.

वाफा

दसऱ्याचं मी सांगतो. यंदा दसरा २० ऑक्टोबरला आहे. भाव दुपारी कोसळतो कारण पूजा सकाळी उरकते आणि ज्या शेतकऱ्याचा माल राहिला तो मिळेल त्या भावाला सोडतो. म्हणून दसऱ्याचा साठ टक्के माल आधी नोंदवलेला असावा. आठ दिवस आधीपासून तोरणांची नोंदणी घ्या, फुटावर भाव, अर्धे पैसे आगाऊ. खरेदी दोन हप्त्यांत करा: नोंदणीपुरती आदल्या दिवशी दुपारी, उरलेली पहाटे आवक बघून. आदल्या रात्री पाऊस असेल तर दुसरी खरेदी निम्मीच करा, तो माल भिजलेला येणार. दहानंतर नवं पोतं उघडू नका.

त्याहून चांगलं म्हणजे दहा-पंधरा किलोमीटरच्या आतल्या एखाद्या शेतकऱ्याशी आत्ताच बोलणं. झेंडूचं रोप २५ दिवसांचं लावतात आणि लागणीनंतर ५० ते ६० दिवसांत तोडा सुरू होतो. दसऱ्याला फुलं हवी तर बी जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात टाकायचं, लागण १५ ते २५ ऑगस्टच्या दरम्यान. दिवाळीचं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, त्यासाठी दुसरा तुकडा पंधरा दिवसांनी. सगळा प्लॉट एकदम लावला की सगळा एकदम फुलतो आणि शेतकरी तुमचं सोडून लातूर गाठतो. सप्टेंबरच्या पावसाचा अनुभव ताजा आहे, त्यामुळे लागण गादीवाफ्यावर आणि चर उतरते असावेत. पाणी साचलं तर झेंडू बुडातून जातो.

भाव ठरवताना एकच आकडा बांधू नका. बाजार खाली गेला की तुम्हाला जड आणि वर गेला की त्याला. किमान भाव ठरवा, आणि त्यावर लातूरचा त्या दिवशीचा भाव चढला तर फरक अर्धा-अर्धा. अमुक किलो रोज उचलणार हे तुम्ही पाळलं तर तो टिकतो. रतीबाची घरं असतील तर रोजचा आकडा तुमच्याकडे आहेच.

हिशेबवही

कर्जाचं कोणीतरी सुचवेल म्हणून आधीच लिहितो. तोटा भरायला कर्ज नको. पीएम स्वनिधी ही कर्जयोजना पथविक्रेत्यांसाठी आहे, गाळेधारकाला ती लागू नाही. मुद्रा कर्जयोजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं, पण ते मागायचंच असेल तर वहीचे तीन महिने भरल्यावर मागा, आणि बाकी असलेल्या फ्रिजच्या हप्त्यापेक्षा व्याज कमी पडत असेल तरच. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

व्हॉट्सॲपवर एक लक्षात ठेवा. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप ज्यांनी मावशींचा नंबर फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच जातो. म्हणून रतीबाचे पैसे घेताना नंबर समोर जतन करून घ्या. सकाळी आठला एकच फोटो: आज ताजं काय आलंय आणि भाव काय.

परडी

वही आजपासून सुरू केली. आज माघ वद्य एकादशी, पांढरी शेवंती साडेनऊला संपली आणि जरबेऱ्याच्या दहातल्या चार काड्या फेकल्या. देवळामागच्या गल्लीतल्या अकरा घरांनी पुडीला होकार दिलाय, पेपरवाला दीड रुपया मागतोय. काकू म्हणतात, पळसाची पानं त्यांच्या वाडीतून रोज आणता येतील.

शेवटची एक शंका: पानात बांधलेल्या पुड्या आदल्या संध्याकाळी करून ठेवल्या तर सकाळपर्यंत कुठे ठेवाव्यात? फ्रिजमध्ये सत्तर मावणार नाहीत.

गारवा

फ्रिजमध्ये ठेवूही नका, पानं कडक होऊन फाटतात. बांबूची पसरट टोपली घ्या, तळाला पिळून काढलेलं गोणपाट, त्यावर पुड्या एकाच थरात, देठाची बाजू खाली. वर पुन्हा पिळलेली मलमल. गोणपाटातून पाणी ठिबकत असेल तर जास्त ओलं आहे, पुन्हा पिळा. टोपली जमिनीवर न ठेवता दोन विटांवर ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. बेल आणि दुर्वा वेगळ्या ओल्या फडक्यात ठेवून पहाटे पुडीत खोचा, रात्रभर झेंडूला चिकटून राहिल्या तर पिवळ्या पडतात. एप्रिल-मेमध्ये मात्र संध्याकाळी फक्त फुलं निवडून ठेवा आणि पुड्या पहाटे साडेचारला बांधा. पेपरवाल्याचं म्हणाल तर पहिल्या महिन्यात दीड द्या, चाळीस घरं झाली की सव्वा, असं आत्ताच बोलून ठेवा.